वेदीमागचं कुंड

चर्चच्या चषकांना फुकट मुलामा चढवून मुलामेवाल्याला काय मिळणार होतं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण 'फुकट' हा शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडला, तेव्हा त्याच्या बायकोने शिलाई मशीनचं चाक हाताने थांबवलं, चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं, "तब्येत बरी आहे ना तुमची?"

एक तर चर्चला शंभर वर्षं पुरी होत होती आणि दाराशी देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी बसायची होती. जिथे बेकरीवाल्याचं नाव येणार तिथे आपलं नसावं, हे मुलामेवाल्याला झेपणारं नव्हतं. दुसरं, शताब्दीच्या मिस्साला, म्हणजे वेदीवरच्या मोठ्या उपासनेला, बिशप स्वतः येणार होते. बिशपांच्या हाताखाली कितीतरी चर्चं, आणि प्रत्येक चर्चमध्ये काळवंडलेले चषक नि तबकं. "हे काम कुणी केलं?" एवढं बिशपांनी विचारायचा अवकाश, की त्याच्या म्हातारपणापर्यंतची ददात मिटली.

तिसरा फायदा म्हणजे मावशी. ही त्याच्या बायकोची सख्खी मावशी. वेदीची सगळी व्यवस्था तिच्या हातात: फादरांच्या झग्यांना इस्त्री, मेणबत्त्या, आणि ज्यातला द्राक्षारस मिस्सात प्रभूचं रक्त होतो त्या चषकांची धुलाई. अंगाला तेजाबाचा वास येणाऱ्या माणसाशी भाचीने लग्न केलं, हे तिने मनावर घेतलं ते घेतलंच. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ती त्याच्याशी अशी बोलायची, की दोघांच्या मध्ये कुणीतरी तिसरा पाहुणा बसलाय. ती एकदा गोड बोलली असती, तर घरातली निम्मी भांडणं आपोआप मिटली असती.

चौथा फायदा त्याने बायकोलाही सांगितला नाही. तो त्याला स्वतःलाच मागाहून सुचला.

पहिल्याच दिवशी मावशीने त्याला दारात अडवलं. "चषक इथून हलणार नाहीत. ज्यात प्रभूचं रक्त असतं ते काय तुमच्या त्या शेडमध्ये, नळाच्या तोट्या नि सायकलींच्या हँडलांच्या रांगेत उभे राहणार, जावईबापू?"

"मग मुलामा चढणार कसा, मावशी? नुसत्या प्रार्थनेने?"

"तुमची टाकी इकडे आणा. वेदीमागच्या खोलीत. मी समोर बसेन."

आणि ती बसली. त्याने समोरच्या गल्लीतल्या आपल्या शेडमधून प्लास्टिकच्या टाक्या, विजेचं यंत्र, तारा आणि बरण्या हातगाडीवर घालून आणल्या. ती स्टुलावर माळ हातात घेऊन बसली, आणि तो टाकीत काय घालतो याच्यावर डोळे ठेवून प्रार्थना पुटपुटत राहिली. काम दोन टप्प्यांचं. आधी जुना, विटलेला, मधूनमधून उडालेला मुलामा सायनाइडच्या पाण्यात उतरवायचा. मग धुऊन, पुसून, वीज लावून नवा चढवायचा. जुनं सोनं उतरलं आणि चषक पितळेचा उघडा पडला, तेव्हा मावशीने तोंड फिरवलं. म्हाताऱ्या बाईचे कपडे बदलताना शेजारणीने फिरवावं तसं.

टाक्यांत गढूळ पाणी उरलं. त्याने ते कॅनमध्ये भरायला घेतलं.

"हे कुठे नेता?"

"शेडमध्ये. ड्रम आहे तिथे. भरला की लॉरी येते आणि घेऊन जाते."

"कुठे?"

"गावाबाहेर. तिथे त्याचं काय करायचं ते करतात."

"म्हणजे उकिरड्यावर." मावशी उठली. "या पाण्यात शंभर वर्षांचं सोनं उतरलंय. त्या सोन्याला काय लागलेलं होतं, ठाऊक आहे ना तुम्हाला? की मिस्साला नुसते गुडघे टेकायला येता?"

तिने कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे भिंतीत बसवलेलं लहानसं दगडी कुंड होतं, लाकडी झाकणाचं. अशी कुंडं जुन्या चर्चमधून असतात. चषक धुतलेलं पाणी गटाराला मिळू नये म्हणून त्याची नळी गटाराला जोडलेली नसते. ती भिंतीखालून थेट मातीत जाते. पवित्र वस्तूला लागलेलं पाणी घाणीत जाऊ नये, जमिनीने ते प्यावं, असा त्यामागचा भाव. मावशीने त्या कुंडात आयुष्यभर पाणी ओतलं होतं, आणि भिंतीपलीकडच्या जमिनीने ते मुकाट्याने पिऊन टाकलं होतं.

मुलामेवाल्याने बोलायला तोंड उघडलं. हे पाणी कसलं आहे, ते त्याला अंधारातही वासावरून सांगता आलं असतं. पण तेवढ्यात त्याला शेडच्या कोपऱ्यातला ड्रम आठवला. तो काठोकाठ भरला होता. लॉरीवाल्याचे पैसे देणं जिवावर येतं म्हणून तो कित्येक दिवस 'पुढच्या आठवड्यात' म्हणत होता. चौथा फायदा त्याला तिथे सुचला. तोंड मिटलं.

"तुम्ही म्हणाल तसं, मावशी."

मावशीने त्याच्याकडे पाहिलं. मग जन्मात पहिल्यांदा ती म्हणाली, "गुणाचा आहेस रे."

तिने क्रुसाची खूण करून स्वतःच्या हाताने पाणी ओतलं. पातळ करून, हळूहळू, एक थेंब बाहेर न सांडता. दुसऱ्या दिवशी तो शेडमधून आणखी कॅन घेऊन आला आणि "कालच्या धुण्याचं राहिलं होतं" म्हणाला. त्या पाण्याने एकही चषक पाहिलेला नव्हता. त्यात तोट्या धुतल्या होत्या, हँडलं धुतली होती, कुण्या हॉटेलच्या जिन्याचा कठडा धुतला होता. मावशीने तेही क्रुसाची खूण करून ओतलं. ड्रम रिकामा झाला. चषक असे उजळले, की फादरांनी एक उचलून त्यात आपला चेहरा पाहिला आणि "अरेरे, किती म्हातारा झालो," म्हणाले.

भिंतीपलीकडे सिस्टरांचा वृद्धाश्रम होता आणि भिंतीला लागून भाजीचा मळा. मळा पाहणाऱ्या सिस्टरला सगळे माती सिस्टर म्हणत, कारण तिची नखं मिस्सातला प्रसाद, कम्युनियन, घेतानाही काळी असत. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात जाणारी पालेभाजी सगळी तिच्या हातची.

थोड्याच दिवसांत भिंतीलगतचा वाफा पिवळा पडला, मग काळा. सिस्टरने ती रोपं उपटली आणि नवी लावली, तीही मेली. पुढचे वाफे मात्र हिरवेगार होते. मुलामेवाला येता-जाता कुंपणावरून पाहायचा आणि स्वतःची समजूत घालायचा: जे जगलंय ते चांगलंच असणार, नाहीतर जगलं कशाला असतं?

एकदा सिस्टरने त्याला कुंपणाशी गाठलं. "तुम्ही रसायनवाले. ही कसली कीड आहे, सांगता?"

"मला धातूतलं कळतं, सिस्टर. पाल्यातलं काय कळणार?"

"पण मुळाला कीड नाहीये हो. गांडुळंसुद्धा मेलीत. गांडुळं कशाने मरतात?"

"उन्हाने असेल," तो म्हणाला. आभाळ भरून आलेलं होतं. सिस्टरने वर पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं आणि सभ्यपणे विषय बदलला.

खरं तर याच विषयावर फादर काही महिन्यांपूर्वी प्रवचनात बोलले होते. पृथ्वी देवाची आहे, आपण तिचे राखणदार. तिला केलेली इजा हे पाप आहे, आणि ते सगळ्या जगाचं म्हणून सोडून द्यायचं नाही, आपलं म्हणून कबूल करायचं, असं काहीसं. लोकांनी माना डोलावल्या होत्या. पुढचा महिनाभर फादरांना कबुलीच्या जाळीआडून प्लास्टिकच्या पिशव्यांचीच पापं ऐकावी लागली. मुलामेवाल्यानेही एक पिशवी कबूल केली होती.

शताब्दीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तो पुन्हा जाळीसमोर गुडघ्यांवर बसला. पाटीवर नाव येणाऱ्या माणसाने बिशपांच्या हातून कम्युनियन न घेणं चारचौघांत दिसलं असतं, आणि मनात एवढं घेऊन ते घेणं त्याला शक्य नव्हतं. इतका तो श्रद्धाळू होताच. लबाड माणसाला श्रद्धा नसते असं कुणी म्हणत असेल, तर त्याने हिशेब शिकून घ्यावा.

सुरुवातीला त्याने गोष्ट मावशीच्या बाजूने सांगितली: पवित्र पाणी, पवित्र कुंड, अजाणता झालेली चूक.

"अजाणता?" जाळीपलीकडून फादरांचा आवाज आला.

"मावशी अजाण होती."

"कबुली मावशीची चाललीय का?"

मग त्याने ड्रमचंही सांगितलं. 

"उरलेले वाफे चांगले आहेत?" फादरांनी विचारलं.

"माहीत नाही, फादर. असतील. नसतीलही. माती तपासल्याशिवाय कुणीच सांगू शकणार नाही."

"आज जा आणि सिस्टरला सांग."

"उद्या बिशप आहेत. एवढं पार पडू दे. परवा सकाळी पहिला तिच्याकडेच जातो, शप्पथ."

"उद्या दुपारच्या जेवणाला त्याच पाल्याचं सूप आहे. सिस्टर आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटलीय."

हे त्याच्या हिशेबात नव्हतं. "मग तुम्हीच थांबवा ना, फादर. माझं नाव घेऊ नका. म्हणावं, पोटाला बरं नाही, उद्या दुसरं काही करा."

"इथे ऐकलेलं मी बाहेर सांगू शकत नाही. सुचवू शकत नाही. त्याच्यावरून स्वतःच्या ताटातलं बाजूलाही सारू शकत नाही. तू बोललास ते मी ऐकलंच नाही, असं मला या पेटीबाहेर जगावं लागतं. तोंड फक्त तुला आहे, बाळ."

"आणि माझी क्षमा?"

"तू परवाची तारीख दिलीस ना? मीही परवाचीच देतो."

तो घरी आला तेव्हा बायको त्याचा सूट झटकत होती. मावशी आली होती आणि चक्क त्याच्या खुर्चीच्या शेजारी बसली होती, मधला पाहुणा उठून गेल्यासारखी. "उद्या बिशपांच्या शेजारी बसवलंय हो तुला," ती म्हणाली. "बेकरीवाला टेबलाच्या टोकाला."

दुसऱ्या दिवशी मिस्सात चषक वर उचलला गेला, तेव्हा खिडकीतला उजेड त्यावर पडून छतावर एक सोनेरी ठिपका हलला. लहान मुलांनी तो एकमेकांना दाखवला. कम्युनियनच्या रांगेत मुलामेवाला उठलाच नाही. "गुडघा," तो बायकोला म्हणाला.  तिला त्याच्या दोन्ही गुडघ्यांची पूर्ण माहिती होती.

जेवण वृद्धाश्रमाच्या मोठ्या खोलीत होतं. लांब टेबलांवर म्हातारी माणसं, त्यांच्यात पाहुणे मिसळलेले. बिशपांनी त्याचा हात हातात घेतला. "काय काम आहे! मंगळवारी येऊन भेटा मला. आमच्याकडचे चषक पाहिलेत, तर रडू येईल तुम्हाला." दुसरा फायदा त्याच्या पुढ्यात, ताटाशेजारी येऊन बसला होता.

माती सिस्टर मोठं पातेलं घेऊन फिरू लागली. हिरवं, दाट, वाफाळतं सूप. "एक वाफा हातचा गेला, पण बाकीच्यांनी लाज राखली," ती वाढता वाढता सांगत होती. फादर बिशपांच्या पलीकडे बसले होते. त्यांच्या वाडग्यात सूप पडलं. त्यांनी उभं राहून प्रार्थना म्हटली: हे अन्न पिकवणाऱ्या हातांना आणि मातीला आशीर्वाद दे. मग ते बसले.

मुलामेवाला पाहत होता. फादरांचा चमचा वाडग्याशी थांबला नाही. तो बुडाला, वर आला, तोंडात गेला. चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. दुसरा चमचा. त्यांनी मुलामेवाल्याकडे एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तेही सांगितल्यासारखंच झालं असतं. एक ठाऊक असलेला माणूस समोर बसून, ठाऊक नसल्यासारखा, दुसऱ्याच्या पापातला घास गिळत होता. कारण त्या दुसऱ्याने सोमवार मागून घेतला होता.

मुलामेवाल्याच्या समोर एक दात नसलेली आजी बसली होती. ती सूप फुंकत होती, फुंकत होती. शेवटी तिने चमचा उचलला.

त्याने हात लांब करून तिच्या वाडग्यावर तळवा ठेवला. सूप गरम होतं, हात पोळला.

"आजी, थांबा."

"अरे, माझं आहे ते," आजी म्हणाली. "तुला हवं तर त्या सिस्टरकडे माग."

"कुणीच खाऊ नका." तो उभा राहिला. आवाज मोठा नव्हता. पण पातेलं घेतलेली सिस्टर थांबली, तशी सगळी खोली थांबली. "मळ्यातल्या मातीत विष आहे. मुलाम्याचं. कुंडातून गेलंय."

मावशी दुसऱ्या टेबलावरून उठली. चेहरा पांढरा पडला होता, पण मान ताठ. "ओतलं मी. त्याला बोलू नका. तो लॉरीला देत होता, मीच अडवलं. पवित्र पाणी होतं ते."

तिथे थांबता आलं असतं. अजाण म्हातारी, भाबडी श्रद्धा. दोष निम्मा झाला असता, कदाचित मंगळवारसुद्धा वाचला असता. बायको त्याच्याकडे पाहत होती. तिच्या नजरेत 'बसा खाली' होतं की 'पुढे बोला' होतं, ते त्याला नंतरही कधी विचारवलं नाही.

"मावशी, पहिल्या दिवसाचं पाणी चषकांचं होतं," तो म्हणाला. "ते विष आहे हे मला माहीत होतं, तुम्हाला नव्हतं. आणि दुसऱ्या दिवसाचं चषकांचं नव्हतंच. माझ्या शेडचा ड्रम होता तो. तोट्यांचं पाणी. लॉरीचा खर्च वाचवला मी."

 मावशीने आपले हात पाहिले, पालथे आणि उताणे. मग ती हळूच बसली. दोघांच्या मधला पाहुणा परत आला तो कायमचाच.

बिशपांनी रुमाल घडी करून ताटाशेजारी ठेवला. माती सिस्टरने पातेलं जमिनीवर ठेवलं आणि एकच विचारलं. "त्या दिवशी कुंपणाशी मी गांडुळांचं विचारलं, तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि वाडगे गोळा करायला लागली. फादरांचा अर्धा झालेला वाडगा तिने उचलला, आत पाहिलं. "फादर, तुम्ही खाल्लंत की हो."

"भूक लागली होती," फादर म्हणाले.

डॉक्टरांनी फादरांना ठेवून घेतलं, तपासलं, सोडलं. काही निघालं नाही. पुढे निघणार नाही असं मात्र कुणी लिहून दिलं नाही. मुलामेवाल्याला क्षमा मिळाली, सोमवारी, ठरल्या तारखेला. जाळीआड प्रायश्चित्त ऐकून तो बाहेर आला, तर दारात माती सिस्टर उभी होती. "फादरांनी काय दिलं ते मी विचारत नाही," ती म्हणाली. "माझ्याकडून हे घ्या." तिने त्याच्या हातात खोरं दिलं. पुढे माती तपासणारे आले, आणि त्यांनी सांगितलं त्याप्रमाणे अंगाला रबरी कपडे चढवून तो वाफ्यामागून वाफा खणत गेला. ती माती ड्रममध्ये भरली गेली आणि ज्या लॉरीला तो टाळत होता तीच लॉरी ती घेऊन गेली. एका ड्रमऐवजी किती ड्रम, हे मोजायचं त्याने मध्येच सोडून दिलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

एकदा खणता खणता त्याने फादरांना कुंपणापाशी विचारलं, "त्या दिवशी खाल्लंत ते माझ्यासाठी का?"

"कुठल्या दिवशी?" फादर म्हणाले आणि पुढे चालू लागले.

तर हिशेब असा. मुलामेवाल्याचा परवाना तपासणीत अडकला आणि शेड अर्धी भाड्याने गेली. मंगळवार आला नि गेला. पाटीवरची त्याची ओळ पाथरवटाने कोरण्याआधीच गाळली, बेकरीवाल्याचं नाव तेवढं वर सरकलं. बायकोची मशीन आता संध्याकाळनंतरही चालते. कुंडाचं तोंड सिमेंटने बंद केलं. मावशी चषक धुते आणि ते पाणी वाटीत घेऊन बाहेर जाते. अंगणातल्या झाडाशी पोचली की ओतण्याआधी वाटी नाकाशी नेऊन वास घेते. आयुष्यभर जे डोळे मिटून केलं, ते आता तिला वास घेऊन करावं लागतं. फादरांनी आपला वाटा सुपाने चुकता केला, किती ते त्यांच्या पोटालाच माहीत. माती सिस्टरने तो मळ्याने चुकता केला. तिथे खड्डा आहे, त्यात नवी माती पडायची आहे, आणि त्या मातीत गांडुळं यायला किती वर्षं लागतील ते तपासणाऱ्यांनाही सांगता आलं नाही.

आणि ती दात नसलेली आजी. शताब्दीआधीच्या आठवड्यांत तिने तो पाला किती वेळा खाल्ला, याची नोंद कुणाकडेच नाही. ती अजून रोज दुपारी वाडग्यात वाकून पाहते आणि वाढणाऱ्या सिस्टरला विचारते, "हिरवं का नाही गं आज?" सिस्टर म्हणते, "उद्या, आजी."